कौलांखाली ॲटमॉस, मागाशेजारी संवाद

या खेपेला होम थिएटरची पत्रं जास्त आली आहेत. बऱ्याच जणांचा प्रश्न एकच आहे: रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारा डबा, कुठला घेऊ? माझं सांगणं आधीपासून तेच आहे. आधी खोली बघा, मग स्पीकर ठरवा, आणि त्या स्पीकरांना पेलेल असा रिसीव्हर शेवटी घ्या. बेळगावात अॅम्प दुरुस्त करताना जळालेले डबे माझ्या टेबलावर येतात. त्यातले कितीतरी डबे चांगले असतात, फक्त त्यांना जोडलेला जोडीदार चुकलेला असतो.

प्रश्न : आमचं घर खानापूर तालुक्यात आहे. भिंती जांभ्याच्या, वर मंगळुरी कौलं. सोपा बारा बाय अठरा फूट. मुलगा पुण्याला असतो, दिवाळीला होम थिएटर घेऊन देतो म्हणतोय. दुकानदार म्हणतात, ७ चॅनलचा १५० वॅटचा ॲटमॉस रिसीव्हर घ्या, सोबत वर आवाज फेकणारे स्पीकर घ्या. घ्यावं का?

उत्तर : रिसीव्हर जरूर घ्या, पण वर आवाज फेकणारे स्पीकर तुमच्या घरात घेऊ नका. त्यांची सगळी भिस्त छतावर असते. ते आवाज तिरका वर सोडतात, सपाट छतावर आपटून तो बसलेल्या माणसाच्या डोक्यावर उतरतो. म्हणून ॲटमॉस ही वरूनही आवाज ऐकवणारी पद्धत काढणाऱ्या डॉल्बीच्या सूचनांत छत सपाट आणि आवाज परतवणारं हवं, उंची साधारण साडेसात ते बारा फूट हवी, असं सांगितलेलं आहे. तुमचं छप्पर उतरतं. वासे, त्यावर रिपा, त्यावर कौलं. आवाज आपटेल तो भलतीकडे जाईल आणि उरलेला फटींतून बाहेर पडेल. त्या दोन स्पीकरांचे पैसे पुढच्या तीन स्पीकरांत (डावा, मधला म्हणजे सेंटर, आणि उजवा) घाला.

वरून आवाज हवाच असेल तर बसायच्या जागेच्या थोडं पुढे, तुळईला दोन छोटे स्पीकर खाली तोंड करून पक्के बसवा. ते थेट ऐकू येतात, छताची गरज लागत नाही. मात्र तुमच्याकडचा पाऊस मी ओळखून आहे. कौलाखालची हवा चार महिने ओली असते. तेव्हा कोन प्लास्टिकचा आणि त्याची कड रबराची असलेला स्पीकर घ्या. फोमची कड आपल्या हवेत काही वर्षांत भुगा होते.

आता १५० वॅट. खोक्यावरचा आकडा सोडा, पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर जा. मोठा आकडा बहुधा एकच चॅनल चालवून, ६ ओहमवर (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा), १ किलोहर्ट्झच्या एकाच सुरावर आणि १० टक्के विकृती चालवून घेऊन काढलेला असतो. खाली बारीक अक्षरांत दुसरी ओळ सापडेल: ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल. तिथे आकडा निम्म्यावर आलेला दिसला तर दचकू नका, खरा तोच. पाच चॅनल एकदम चालले की तोही खाली येतो. पीएमपीओ, म्हणजे क्षणभराचा फुगवलेला आकडा, लिहिलेला असेल तर ते वाचूच नका.

तुम्हाला वॅट लागतात किती? बसायची जागा स्पीकरपासून १० फुटांवर आहे असं धरू. स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबल, म्हणजे १ वॅटला १ मीटरवर एवढा आवाज. १० फुटांवर, म्हणजे ३ मीटरवर, तो मोकळ्या जागेत साडेनऊ डेसिबलने उतरतो. स्फोट, ढोल अशा क्षणांना ९५ डेसिबल गाठायचे म्हटले तर साधारण ५६ वॅट लागतील. तोच स्पीकर ९० डेसिबलचा असेल तर २८ वॅट पुरतात, कारण दर ३ डेसिबलला वॅट दुप्पट किंवा निम्मे होतात. भिंतींचा आवाज मिळून प्रत्यक्षात याहूनही कमी लागतात. म्हणून म्हणतो, वॅट विकत घेण्यापेक्षा संवेदनशील स्पीकर घ्या. खरे ७०-८० वॅट देणारा ५.१ रिसीव्हर (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) तुमच्या सोप्याला भरपूर झाला; तुळईला वरचे दोन स्पीकर लावणार असाल तरच ७ चॅनलचा ॲटमॉस रिसीव्हर घ्या.

सबवूफरची जागा अशी शोधा: तो बसायच्या जागेवर ठेवा, ठेक्याचं गाणं लावा आणि तुम्ही भिंतीच्या कडेने खाली वाकून फिरा. जिथे ठेका भरीव पण सुटा ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवायचा. अठरा फुटांच्या लांबीत ३१ हर्ट्झच्या आसपासचा सूर फुगतो, म्हणून कोपरा सहसा टाळा. कौलांच्या फटींतून बराच खर्ज निसटतो, त्यामुळे स्लॅबच्या घरांपेक्षा तुमच्याकडे घुमणं कमी होईल, हा कौलाचा फायदाच. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती हद्द, ८० हर्ट्झवर ठेवून मेन्यूत सगळे स्पीकर ‘स्मॉल’ करा. मागचे दोन कानाच्या रेषेच्या थोडे मागे, ११० अंशांच्या जवळपास. शहाबादी फरशी उघडी असेल तर पुढे जाजम किंवा वाकळ अंथरा. रिसीव्हर बदलण्याइतका फरक तेवढ्यानेच कळेल.

प्रश्न : वडगावात राहतो. घराला लागून कापड विणायचे माग आहेत. ५.१ सेट चांगला आहे, पण सिनेमातलं बोलणं कळत नाही. आवाज वाढवला की मारामारीला घरातली म्हातारी माणसं दचकतात. मोठा रिसीव्हर घ्यावा का?

उत्तर : नको. रिसीव्हर बदलून हे जाणार नाही. बोलण्यातली व्यंजनं, विशेषतः स, च, त, हळू आणि उंच पट्टीत असतात. मागाचा खडखडाट नेमका त्यांच्यावर पडतो, आणि उरतात ते स्वर. म्हणून सगळा आवाज वाढवू नका, फक्त सेंटर स्पीकर २ ते ३ डेसिबलने वाढवा. तो शोकेसच्या कप्प्यात आत सरकवलेला असेल तर बाहेर काठाला आणा आणि तोंड बसलेल्याच्या कानाकडे तिरपं करा. कप्प्यात आवाज घोगरा होतो.

मग टीव्हीची सेटिंग बघा. रिसीव्हरची एचडीएमआय वायर ‘एआरसी’ लिहिलेल्या भोकातच हवी, टीव्हीचा आवाज तिथूनच रिसीव्हरकडे जातो. टीव्हीचा डिजिटल आवाज ‘पीसीएम’वर असेल तर बहुतेक टीव्हींतून रिसीव्हरला दोनच चॅनल पोचतात आणि सेंटरसाठीची वेगळी संवादपट्टी वाटेतच हरवते. तिथे ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पासथ्रू’ करा. दचकण्यावरही उपाय आहे: डेनॉन कंपनीच्या बऱ्याच रिसीव्हरांत ‘डायनॅमिक व्हॉल्यूम’, यामाहाच्या रिसीव्हरांत ‘अडॅप्टिव्ह डीआरसी’. हे हळू आवाज वर आणतं, मोठा आवरतं. घरात म्हातारी माणसं आहेत तर ते सुरू ठेवा, त्यात काही कमीपणा नाही.

एक गोष्ट मात्र मागांना सुट्टी असेल त्या दिवशीच करा. रिसीव्हरसोबत आलेला माईक लावून खोलीची मोजणी करायची असते. माग चालू असताना केली तर तो खडखडाट मोजमापात शिरतो आणि पुढचं सगळं बिघडतं.

प्रश्न : निपाणीहून लिहितोय. वडिलांचे मोठे जुने स्पीकर आहेत, ४ ओहम, ९१ डेसिबल. नव्या रिसीव्हरच्या पाठीवर ६ ते १६ ओहम लिहिलंय. सिनेमा कमी, शास्त्रीय गाणं जास्त ऐकतो. कोल्हापूरला जाऊन नवे स्पीकर आणावेत का?

उत्तर : वडिलांचे स्पीकर ठेवा. ते अशा गाण्यासाठी फार मोलाचे आहेत. आधी जाळी काढून कोनाची कड बोटाने हलकेच दाबा. भुगा पडला तर कड बदलून घेता येते, कोन टाकायची गरज नसते.

तेवढ्याच व्होल्टला ४ ओहमचा स्पीकर ८ ओहमच्या दुप्पट करंट ओढतो. तुमचा रिसीव्हर हळू आवाजात चालेल, पण जोर लावला की तापेल आणि एखाद्या दिवशी स्वतःच बंद पडेल. काहींच्या मेन्यूत ४ ओहमची सेटिंग असते. ती रिसीव्हरचं तापणं आवरते, त्याची ताकद वाढवत नाही. तुमच्या ९१ आकड्यातही एक मेख असू शकते. तो बहुधा २.८३ व्होल्टला मोजतात. ८ ओहमला तेवढ्यात १ वॅट जातो, ४ ओहमला २ वॅट. म्हणजे १ वॅटला तुमचे स्पीकर ८८ चेच.

म्हणून ज्याच्या पुस्तिकेत ४ ओहम स्पष्ट लिहिलं आहे असा रिसीव्हर बघा. तुमच्या रिसीव्हरला ‘प्री-आऊट’ (बाहेरच्या अॅम्पला आवाज देणारं भोक) असेल तर त्याहून चांगलं: पुढच्या दोन स्पीकरांना ४ ओहम पेलणारा वेगळा स्टीरिओ अॅम्प द्या, रिसीव्हरने बाकीचं सांभाळावं. सेंटर स्पीकर घेऊ नका. तुमच्या जुन्या जोडीच्या आवाजाचा सेंटर आता मिळणार नाही, आणि वेगळ्या जातीचा लावला तर पडद्यावर चालत जाणाऱ्या माणसाचा आवाज मध्येच पालटतो. मेन्यूत सेंटर ‘नन’, म्हणजे ‘नाही’, करा. दोघं-तिघं मध्यभागी बसत असाल तर बोलणं पडद्यातूनच येतंय असं वाटेल.

गाणं ऐकताना ‘डायरेक्ट’वर ठेवा, सराउंड नको. आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं गाणं लावलंत तर मागचा तंबोरा नीट ऐका. तारेची जवारी सलग, मोकळी ऐकू येत असेल तर ट्विटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) ठीक आहे. तंबोरा खरखरला किंवा मिटला, तर नवा रिसीव्हर आणून उपयोग नाही.

प्रश्न : चुलतभाऊ अमेरिकेतून रिसीव्हर आणतो म्हणतोय, स्वस्त पडतो. बेळगावात चालेल का? लाईट सारखी येते-जाते, त्यासाठी काय करू?

उत्तर : तिथले रिसीव्हर बहुतेक १२० व्होल्टचे असतात, आपल्याकडे २३० व्होल्ट. थेट लावलात तर पहिल्याच क्षणी जाईल. मोठा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल, आणि इथे वॉरंटी मिळेलच असं नाही. भावाला नको म्हणून सांगा.

इथला रिसीव्हर घेतलात तरी तीन पिनचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या आणि स्टॅबिलायझर लावा. लाईट गेल्यावर स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर तो चालवू नका, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो. वर चार-पाच इंच मोकळी जागा ठेवा, त्यावर सेट-टॉप बॉक्स नको. वळवाच्या दिवसांत ढग गडगडायला लागले की प्लग काढा, आणि डिशची वायरही सेट-टॉप बॉक्समधून उपटा. वीज पुष्कळदा तिकडूनच शिरते आणि एचडीएमआयमधून रिसीव्हरपर्यंत पोचते.