सरकीचे 14 लाख अडकलेत. कोर्टाआधी मध्यस्थी म्हणजे नुसता वेळ घालवणं नाही का?

भाऊ, हिंगणघाटच्या जिनिंगमधून अकोल्याच्या तेल गिरणीला सरकी गेली, गिरणीवाल्यानं ओलावा आणि वजनाची तूट दाखवून 14 लाख अडवले, आणि वकील म्हणतात आधी मध्यस्थी. वकील बरोबर सांगताहेत. 3 लाख आणि त्यावरच्या व्यापारी वादात व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या कलम 12-अ प्रमाणे ती टाळता येत नाही. 2022 साली सर्वोच्च न्यायालयानं तसं स्पष्ट केलं. मध्यस्थी न करता टाकलेला दावा फेटाळला जातो. सूट फक्त तातडीचा अंतरिम आदेश हवा असेल तर, म्हणजे गिरणीवाला यंत्रं विकायला निघालाय अशी वेळ असेल तर. खोटी तातडी दाखवू नका, न्यायालय ते तपासतं.

अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, शुल्क 1,000 रुपये. कोणत्या जिल्ह्यात टाकायचा ते सौद्याचे कागद पाहून वकील सांगतील. समोरच्याला 10 दिवसांच्या आतल्या तारखेची नोटीस जाते. आला नाही तर शेवटची नोटीस, तरीही नाही आला तर मध्यस्थी सुरूच झाली नाही असा अहवाल हातात येतो. तो जोडून दावा लावा. गेले ते हजार रुपये. आला तर तुमच्या रकमेला मध्यस्थी शुल्क 30,000, दोघांत निम्मं-निम्मं. मुदत तीन महिने, दोघांच्या संमतीनं आणखी दोन. हा काळ दाव्याच्या तीन वर्षांच्या मुदतीत धरत नाहीत.

चेक परत आला असेल तर मात्र सावध. त्याची 30 दिवसांतली नोटीस मध्यस्थीसाठी थांबत नाही. ती वेगळी पाठवाच.

खरा फायदा आकड्यांत आहे. समजा 14 पैकी 11 लाखांबद्दल त्याची तक्रारच नाही, भांडण 3 लाखांच्या ओलाव्याचं आहे. कोर्टात पूर्ण 14 लाख निकालापर्यंत अडकू शकतात. इथं 11 लाख आधी मोकळे करून घ्या, मग दोन्ही ठिकाणच्या काटा पावत्या, बिल्ट्या (ट्रकच्या मालपावत्या) आणि खातेउतारा समोर ठेवून 3 लाखांवर बोला. गाडी रिकामी झाल्यावर पंधरा दिवसांनी काढलेला ओलावा मध्यस्थासमोरही फार टिकत नाही. तिथलं बोलणं गोपनीय असतं, त्यामुळे "50 हजार सोडतो" म्हटलं तरी पुढे दाव्यात ते तुमच्यावर उलटवता येत नाही.

बिघडतं ते कराराच्या कागदावर. सही झालेल्या तडजोडीला लवादाच्या निवाड्याचं, म्हणजे निकालासारखं बळ असतं, पुन्हा दावा न लावता थेट वसुली करता येते. पण "लवकरात लवकर रक्कम देईन" याची वसुली कशी करणार? प्रत्येक हप्त्याची तारीख, रक्कम, खातं लिहा. एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम व्याजासह लगेच देय, हे कलम हवंच. सोडलेल्या रकमेची जीएसटी क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) कोण, कधी देणार तेही घाला. आणि गिरणीवाल्यानं मुनीम पाठवला तर अधिकारपत्र पाहिल्याशिवाय सही घेऊ नका.

जायच्या आधी तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, काढून बघा. माल देण्याआधीपासून सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून असेल, तर सौद्यात कितीही उधारी ठरली तरी 45 दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. व्यापारी म्हणून नोंद असेल तर नाही. त्या व्याजाचा हिशोब टाइप करून सोबत न्या. बोलणी सुरू व्हायच्या आधी तो कागद टेबलावर ठेवा.