काळ्या जमिनीत वाळू मिसळली तर ती भुसभुशीत होते का?

कुंडीत जमेल, एकरभर शेतात नाही. आपली काळी माती बेसाल्ट झिजून झाली. त्या खडकात क्वार्ट्झ, म्हणजे ज्याची वाळू बनते ते कठीण खनिज, जवळजवळ नसतं, म्हणून मातीत वाळू कमी आणि फुगणारी चिकणमाती जास्त. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वाळूचा कण ०.०५ ते २ मिमी, चिकणमातीचा ०.००२ मिमीहून बारीक. चार ट्रॉल्या वाळू टाकलीत, तर हे बारीक कण तिच्या फटींत जाऊन बसतात आणि निचरा होता तसाच राहतो. खरा फरक पडायला निम्म्याच्या आसपास वाळू लागेल. एवढा खर्च कोण करतो? शिवाय वाळूला स्वतःचा चिकटपणा नाही, ती ना पाणी धरते ना खत. त्यापेक्षा शेणखत घाला, हिरवळीचं खत म्हणून ताग गाडा, निचऱ्याला चर काढा.