ग्रेपफ्रूट मिळत नसेल तर घरी पालोमा कशी करायची?

तुम्ही विचारलं आहे की जळगावात राहता, मित्राने टकीलाची बाटली भेट दिली, आणि पालोमा नावाचं लिंबू-ग्रेपफ्रूट-सोड्याचं कॉकटेल घरी करायचं आहे. ग्रेपफ्रूट कुठेच मिळालं नाही, म्हणून लिंबाचं गोड कोल्ड्रिंक घालून पाहिलं, तर पाच मिनिटांत त्याचं कोमट सरबत झालं. काय चुकलं, आणि ग्रेपफ्रूटऐवजी काय वापरावं?

मी भडगाव तालुक्यातला. घरची मोसंबीची बाग आहे आणि गेली सहा-सात वर्षं उन्हाळ्यात गच्चीवर हे पेय करतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या ग्लासात दोन गोष्टी नव्हत्या: कडसरपणा आणि गारवा. टकीला कोणती, हा प्रश्न त्यानंतरचा.

पालोमा म्हणजे स्पॅनिशमध्ये कबुतर. मेक्सिकोत हे घरगुती पेय आहे. उंच ग्लास, भरपूर बर्फ, टकीला, लिंबू, मीठ, आणि वरून ग्रेपफ्रूटच्या चवीचा सोडा. त्यासाठी तिकडे स्क्वर्ट नावाचा सोडा बराच वापरतात. तो १९३८ साली अमेरिकेतल्या अॅरिझोनात निघाला. ग्रेपफ्रूट हे फळ मुळात पपनस आणि संत्र्याच्या संकरातून अठराव्या शतकात बार्बाडोस बेटावर झालेलं. थोडं आंबट, थोडं गोड आणि मागून कडू. ती मागून येणारी कडू चव आली की पालोमा जमली. म्हणून जळगावभर ग्रेपफ्रूट शोधत फिरू नका, तो कडूपणा कुठून आणायचा तेवढं बघा. तो आपल्याकडे मोसंबीत आहे.

लहानपणी एकदा पाहुणे येणार म्हणून मी सकाळीच मोसंब्यांचा रस काढून ठेवला होता. दुपारी पेले भरले तर रस कडू. आईने सगळा ओतून दिला आणि सांगितलं, मोसंबीचा रस पिणाऱ्याच्या समोर काढायचा असतो. ज्यूसवालेही म्हणूनच गिऱ्हाईक आल्यावरच मशीन चालू करतात. याचं कारण असं की मोसंबीच्या गरात एक द्रव्य असतं, त्याला स्वतःची कडू चव नसते. फळ पिळलं की ते रसातल्या आंबटाला मिळतं आणि हळूहळू त्याचं लिमोनिन होतं. लिमोनिन कडू असतं. ग्रेपफ्रूटमध्येही लिमोनिन असतं, शिवाय नारिंजिन नावाचं दुसरं कडू द्रव्य असतं, ते मात्र पहिल्या घासालाच जिभेला कळतं. पुण्यात पहिल्यांदा नीट केलेली पालोमा प्यायलो तेव्हा मला आईने ओतून दिलेला तो रस आठवला. घरी ज्याला आपण बिघडलेला रस म्हणतो, तोच इथे कामाचा होता.

तर मोसंबी अशी पिळा. साल काढताना आतली पांढरी साल थोडी राहू द्या, एक-दोन बिया चिरडल्या गेल्या तरी चालतील, कारण कडू द्रव्य तिथेच जास्त असतं. रस गाळून फ्रीजमध्ये ठेवा आणि अर्ध्या तासाने चाखायला सुरुवात करा. प्रत्येक बागेची मोसंबी वेगळी, मृग बहराची वेगळी आणि आंबे बहराची वेगळी, त्यामुळे घड्याळ लावून हे जमत नाही. जिभेच्या मागच्या बाजूला कडूपणा लागला आणि पहिला गोडवा अजून शिल्लक असला की रस तयार. त्याच्या पुढे गेला तर त्यात ताजा रस मिसळून मागे आणता येतो. गणपतीच्या दिवसांत बाजारात पपनस दिसलं तर आणाच. त्याच्या चार फोडी पिळून मोसंबीत घातल्या की चव ग्रेपफ्रूटच्या फार जवळ जाते. ग्रेपफ्रूटचा बापच तो, त्यामुळे नवल नाही.

लिंबाबाबत मात्र आपण खऱ्या अर्थाने श्रीमंत आहोत. मेक्सिकोत टकीलाबरोबर जे छोटं, पातळ सालीचं लिंबू पिळतात, ते आणि आपलं कागदी लिंबू एकाच जातीचं. हे फळ मूळ आशियातलं; कोलंबसानंतर स्पॅनिश लोकांनी ते तिकडे नेलं. उलट टकीला ज्या कुळातल्या झाडापासून होते ती घायपात तिकडून आपल्याकडे आली. शेताच्या बांधावर आणि रेल्वेलाइनच्या कडेने तलवारीसारख्या पानांची जी झुडपं दिसतात, ज्यांच्या वाखाचे दोर वळतात, तीच. काही भागांत तिला केकताड म्हणतात. मेक्सिकोतली निळी अगावे ही तिची बहीण. ती पिकायला सहा ते आठ वर्षं घेते, मग पानं छाटून मधला मोठा गड्डा भट्टीत शिजवतात आणि त्याच्या गोड रसाची दारू काढतात. बांधावरच्या घायपातीवर घरी काही प्रयोग करू नका. तिचा कच्चा रस अंगाला लागला तर भयंकर खाज सुटते, आणि घरी दारू गाळणं हा गुन्हा आहे.

बाटलीवर काय लिहिलं आहे ते वाचा. '१०० टक्के अगावे' असेल तर उत्तम. तसं नसेल तर नियमाप्रमाणे किमान ५१ टक्के साखर अगावेची आणि बाकीची दुसऱ्या कशाची, बहुधा उसाची. सोड्याच्या पेयाला पांढरी, न मुरवलेली 'ब्लँको' सर्वांत बरी. 'रेपोसादो' लाकडी पिंपात किमान दोन महिने मुरलेली असते, तीही चालते. 'अन्येहो' किमान वर्षभर मुरलेली. ती तुम्हाला भेट आली असेल तर लिंबू-सोड्यात घालू नका, नुसती हळूहळू प्या. दख्खनच्या पठारावरच्या घायपातीपासून भारतातही अशी दारू बनते. मेक्सिकोतल्या ठरावीक भागाबाहेर बनलेलीला टकीला म्हणता येत नाही, म्हणून बाटलीवर अगावे स्पिरिट असं असतं. या पेयात ती छान लागते.

आता गारवा. आपल्याकडे खरी मेहनत इथेच आहे. शून्य अंशाला एक लिटर पाणी साध्या दाबाखाली साधारण १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं. २० अंशाला तेच पाणी जेमतेम ०.९ लिटर धरतं आणि ४० अंशाला अर्ध्या लिटरच्या आसपास. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात असतो. दुकानाबाहेर उन्हात उभ्या क्रेटमधला सोडा आणून झाकण उघडलं की बाटलीतच अर्धा गॅस निघून जातो, उरलेला कोमट ग्लासात पडल्या पडल्या जातो. तुमचं सरबत झालं ते यामुळे. टकीला, रस, सोडा, ग्लास, सगळं आधी गार हवं. बर्फ घातल्यावर गार होईल असा हिशेब धरला तर बर्फ वितळून पाणी होतो आणि चव पातळ होते.

सोडा सकाळपासून फ्रीजमध्ये ठेवा. लाइट गेली असेल तर कुल्फीवाल्याची रीत वापरा. बादलीत फोडलेला बर्फ, त्यावर दोन-तीन मुठी जाडं मीठ, थोडं पाणी, आणि त्यात बाटल्या उभ्या. मिठामुळे बर्फाचं पाणी शून्याच्याही खाली जातं आणि पंधरा-वीस मिनिटांत बाटली हाताला चटका लागावा इतकी गार होते. त्याहून जास्त वेळ ठेवू नका, सोडा गोठला की बाटली फुटते. बर्फाच्या कारखान्यातली लादी फक्त या बादलीसाठी. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम महाराष्ट्रात आहे, तरी लादी निळी नसली म्हणून ती ग्लासात टाकायची नाही. ग्लासातला बर्फ घरीच वाट्यांमध्ये जमवा. ट्रेमधल्या बारीक खड्यांपेक्षा वाटीएवढा एक गोळा किती तरी उशिरा वितळतो. ग्लास काचेचा उंच घ्या किंवा स्टीलचा, तो तर फ्रीझरमध्ये लगेच गार होतो. पितळेचे, तांब्याचे पेले दिसायला देखणे असतात, पण लिंबू आणि तांबं-पितळ एकत्र आणू नका.

प्रमाण एका ग्लासाचं सांगतो. टकीला ४५ मिली, म्हणजे दीड छोटा पेग. ठेवलेला मोसंबीचा रस ६० मिली, जो एका मध्यम फळातून निघतो. लिंबाचा रस १५ मिली. चिमूटभर साधं मीठ. हे चार जिन्नस रिकाम्या ग्लासात घालून मीठ पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. मग बर्फ. मग १२० मिली साधा सोडा, ग्लास तिरका धरून काठाने हळू ओतायचा. शेवटी लांब चमचा तळाशी नेऊन एकदाच वर उचला. घुसळायचं नाही. साखर मी घालत नाही. मोसंबी अगदीच आंबट निघाली तर एक चमचा पाक. लिंबाचं गोड कोल्ड्रिंक अजिबात नको, त्यातली साखर कडू चव झाकून टाकते. वर मोसंबीच्या सालीचा रुपयाएवढा तुकडा ग्लासावर मुरडा, म्हणजे सालीतलं तेल फवाऱ्यासारखं उडतं आणि पहिला घोट घ्यायच्या आधी वास येतो. साल आधी कोमट पाण्याने घासून धुवा, बाजारच्या फळांवर मेण असू शकतं.

मीठ आधी का, ते मी एकदा चुकून शिकलो. भरलेल्या ग्लासात मीठ कमी वाटलं म्हणून वरून चिमूट टाकली. सगळा फेस उसळून सतरंजीवर गेला आणि ग्लासात उरलं ते निर्जीव पाणी. मिठाच्या प्रत्येक कणाच्या खडबडीत कडेवर वायूला बुडबुडा धरायला जागा मिळते, त्यामुळे सोड्यातला सगळा गॅस एकदम बाहेर येतो. विरघळलेलं मीठ तसं काही करत नाही, उलट ते कडवटपणाची धार बोथट करतं आणि फळाची चव पुढे आणतं. काळं मीठ आणि चाट मसाला मात्र नको. काळ्या मिठाचा गंधकाचा वास टकीलाच्या वासावर बसतो, मग महागाची बाटली कशाला उघडायची?

ग्लासाच्या काठाला लावायचं असेल तर नंदुरबारची सुकी मिरची तव्यावर किंचित भाजून कुटा, त्यात मीठ आणि वाळवलेल्या मोसंबीच्या सालीची पूड घाला. मेक्सिकोत फळांवर लिंबू-मिरची-मिठाची अशीच पूड टाकतात. अर्ध्याच काठाला लावा, ज्याला नको त्याने दुसऱ्या बाजूने प्यावं. चखण्याला भाजलेले बिबडे आणि शेंगदाणे. शेवभाजी याच्याबरोबर घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. सोड्याच्या बुडबुड्यांनी तिखट जिभेला जास्त झोंबतं आणि दोन्हींची मजा जाते. हिवाळ्यात कराल तर भरीत-पुरी चालते, भाजलेल्या वांग्याच्या धुराचा वास टकीलाला मानवतो.

एक गोष्ट काळजीने सांगतो. हे पेय सरबतासारखं घशाखाली उतरतं, पण वरच्या मापाने त्यात साडेसात टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं, म्हणजे स्ट्राँग बिअरएवढं. दोन ग्लासांनंतर गाडीची किल्ली घरातल्या न पिणाऱ्याकडे द्या. पपनस किंवा ग्रेपफ्रूट वापरणार असाल तर पिणाऱ्यांच्या गोळ्या विचारा. या फळांतली द्रव्यं आतड्यातल्या एका एन्झाइमला अडवतात, त्यामुळे कोलेस्टेरॉलची सिम्व्हास्टॅटिन, अॅटोर्व्हास्टॅटिन किंवा रक्तदाबाची फेलोडिपीन यांसारखी औषधं रक्तात प्रमाणाबाहेर वाढू शकतात. आणि दारू स्वतःच कितीतरी औषधांबरोबर चालत नाही. महाराष्ट्रात टकीलासारख्या कडक दारूसाठी वय २५ पूर्ण लागतं आणि पिण्याचा परवानाही. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. पाहुण्यांसाठी बाटली घेऊन त्या बाजूला जात असाल तर हे लक्षात असू द्या, गुजरातेत दारूबंदी आहे.

आठ जणांसाठी करायचं असेल तर टकीला ३६० मिली, मोसंबी ४८०, लिंबू १२० आणि अर्धा छोटा चमचा मीठ, असं काचेच्या बरणीत कालवून दोन-तीन तास फ्रीजमध्ये ठेवा. बरणीतही रस कडू होत राहतो, म्हणून मोसंबी अगदी ताजी पिळून घाला, वेगळी ठेवायची गरज नाही. सोडा बरणीत ओतू नका, प्रत्येकाच्या ग्लासात वेगळा, आणि छोट्या बाटल्या आणा म्हणजे उघडलेली लगेच संपते. न पिणाऱ्यांसाठी तेच सगळं टकीलाशिवाय, सोडा थोडा जास्त. माझी आई गच्चीवर आमच्याबरोबर बसते, पण त्या ठेवलेल्या रसाला अजूनही हात लावत नाही. तिच्यासाठी दोन मोसंब्या मी बाजूला ठेवतो आणि तिच्यासमोरच पिळतो.