पदराचे तासही दरात धर

ए-४ आकाराच्या पेन्सिल पोर्ट्रेटचे तू ६०० रुपये घेतेस, तरी लोक घासाघीस करतात. तुझ्याच गावात कुणीतरी ३०० मध्ये काढून देतं. आणि आता न्यू जर्सीच्या एका काकूंनी त्यांच्या आईचं पैठणीतलं चित्र मागितलंय, तर किती सांगू, असं तुझं विचारणं आहे. मी कोल्हापुरात अकरा वर्षं ऑर्डरची पोर्ट्रेट्स काढते. पहिली तीन वर्षं माझंही हेच चालायचं. समोरचा नाही म्हणेल या धास्तीने जो आकडा तोंडातून निघेल तो दर.

दुसरा काय घेतो हे आधी डोक्यातून काढ. एक वही कर आणि पुढच्या चार ऑर्डरींचे तास लिहून ठेव. बसलीस की वेळ लिही, उठलीस की लिही. फक्त चेहऱ्याचे तास नकोत, सगळे. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा एक पैठणी नेसलेल्या आजी काढत होते. चेहरा आठ तासांत झाला. त्यानंतर पदरावरच्या मोरांना चार तास गेले. पदराची सोनेरी जर काळ्या पेन्सिलीत दाखवायची म्हणजे कागद कोराच राखायचा, भोवतीने गडद करत आणायचं आणि नीडेबल इरेजरला, म्हणजे कणकेसारख्या मळता येणाऱ्या खोडरबराला, टोक काढून एकेक ठिपका उचलायचा. नथीतले मोती तर वेगळंच प्रकरण, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या जागेत प्रत्येक मोत्याला उजेड आणि सावली. शिवाय फोटो निवडण्यात आणि व्हॉट्सॲपवर बोलण्यात दीड तास, पॅकिंग आणि पोस्टात जाऊन येण्यात दीड तास. एकूण पंधरा.

आता तुझे ६०० घे. कागद, फोटोची प्रिंट, फिक्सेटिव्ह (पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून मारायचा स्प्रे), पुठ्ठा, बटर पेपर यांचे दीडशे गेले. उरले ४५०. पंधरा तासांना ४५०, म्हणजे तासाला ३० रुपये. मी हा भागाकार केला त्या दिवशी वही मिटून बराच वेळ तशीच बसून होते.

उलट बाजूने हिशेब कर. महिन्याला या कामातून किती सुटायला हवेत ते ठरव. समज, १५ हजार. रोज पाच तासांपेक्षा जास्त बारीक काम डोळ्यांना आणि मनगटाला झेपत नाही. पंचवीस दिवस धरले तर १२५ तास. म्हणजे तासाला १२० रुपये. पंधरा तासांचे १८०० आणि सामानाचे दीडशे मिळून १९५०. सरळ २००० सांग, कुरियर वेगळं. तेच साध्या शर्टातले आजोबा असतील, काम दहा तासांत होत असेल, तर १३५०. पैठणी आणि साधी सुती साडी यांचा दर एकच ठेवायचा नाही. फक्त कागदाच्या साइजवरून दर लावतात त्यांचं नेमकं इथेच नुकसान होतं. जुना स्टुडिओतला ग्रुप फोटो असेल आणि त्यात चेहरा नखाएवढा असेल, तर त्याचेही दोन-तीन तास वाढव, कारण डोळे अंदाजाने बांधावे लागतात.

काकू अमेरिकेत आहेत म्हणून आकडा फुगवू नकोस. तास तेवढेच लागणार आहेत. फक्त पैसे इकडे येण्याचा खर्च आणि आंतरराष्ट्रीय कुरियर त्यांच्याकडून घे, आणि ते आधी सांग. पेपॅल ही ऑनलाइन पैसे पाठवायची सेवा २०२१ पासून भारतातल्या भारतात चालत नाही, पण परदेशातून पैसे घेता येतात. फी आणि डॉलरचा दर यांत काही टक्के जातात, ते धरून सांग. फायव्हर या ऑनलाइन कामं मिळवून देणाऱ्या साइटवरून काम घेतलंस तर तिथे विक्रेत्याचे २० टक्के कापतात, म्हणजे हातात २००० हवे असतील तर २५०० लाव.

निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही. वर्षश्राद्धासाठी म्हणून माझ्याकडून वडिलांचं ए-३ चित्र करून घेतलं आणि झाल्यावर फोनच उचलला नाही, असं एकांनी केलंय. दुसऱ्या कुणाच्या वडिलांचं चित्र कुणाला विकणार? ते अजून माझ्या फोल्डरमध्ये आहे. कच्च्या रेखाटनावर दोन दुरुस्त्या मोफत, पुढच्या प्रत्येकीला पैसे.

नात्यातल्यांना आणि मैत्रिणींना निम्म्या दरात कधीच देऊ नकोस. द्यायचं तर वाढदिवसाला भेट म्हणून पूर्ण दे, नाहीतर पूर्ण दर घे. अर्धवट सवलतीत त्यांना ते महागच वाटतं आणि तुझं मन त्या चित्रात लागत नाही. ज्यांना खरंच परवडत नाही त्यांना लहान आकार सुचव, ए-५, फक्त चेहरा. दर पाडायचा नाही, काम कमी करायचं.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १७ प्रमाणे, पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या पोर्ट्रेटचा कॉपीराइट, वेगळं काही ठरलं नसेल तर, ऑर्डर देणाऱ्याकडे जातो. इन्स्टाग्रामवर टाकायचं असेल किंवा प्रिंट विकायच्या असतील तर आधीच लेखी ठरवून घे.

काकूंना असं लिही: “काकू, आईंचा फोटो पाहिला. पदर आणि नथ धरून साधारण पंधरा तासांचं काम आहे. चित्राचे २००० रुपये, कुरियर आणि पैसे पाठवण्याची फी वेगळी. निम्मे आधी द्या, म्हणजे सुरू करते. रेखाटन आधी दाखवेन, त्यात दोनदा बदल करून देईन. चित्राचा फोटो माझ्या पानावर टाकला तर चालेल का, तेही कळवा.”

वहीतल्या चार ऑर्डरी पूर्ण झाल्या की आकडे इथे टाक. पदराला किती तास लागले ते वेगळं लिही, आपण मिळून बघू.