चार सदस्यांच्या प्रभागात लहान पक्ष मार का खातात?

एका प्रभागातून चार नगरसेवक जाणार, तर एखादी जागा लहान पक्षाच्या वाट्याला यायला हवी, असं तुम्हाला वाटतंय. शंका रास्त आहे, पण या चार जागा एकत्र मोजल्याच जात नाहीत. अ, ब, क, ड या चार स्वतंत्र लढती असतात. मतदार तेच, प्रत्येक जागेला वेगळं मत, आणि ज्याला सर्वाधिक मतं तो निवडून आला. त्यामुळे विरोधक विखुरलेले असतील तर 35 टक्क्यांवर चारही जागा एकाच पॅनेलला जातात आणि 20 टक्केवाल्याच्या हाती भोपळा.

त्यात प्रभागाचा पसारा. 2017 ला पुण्यात 162 जागांसाठी 41 प्रभाग होते, म्हणजे प्रभागामागे सत्तर-ऐंशी हजार वस्ती. मी तेव्हा एका अपक्षाच्या प्रचारात होतो. त्याच्या वस्तीत त्याला सगळे ओळखायचे, पण प्रभागाच्या दुसऱ्या टोकाच्या सोसायट्यांत वॉचमन गेटवरूनच परत पाठवायचा. मोठ्या पक्षाचे चौघे एकच पत्रक छापतात, एकच पदयात्रा काढतात. याला सगळा खर्च एकट्याला. लहान पक्षाला तर महिला, ओबीसी, अनुसूचित जाती अशा आरक्षणात बसणारे चार उमेदवार मिळवतानाच दमछाक होते.

पुण्यात मनसे 2012 ला दोन सदस्यांच्या प्रभागात 29 वर होती, 2017 ला चारच्या प्रभागात 2 वर आली. अर्थात भाजपची लाट होती आणि पक्षही घसरणीला लागला होता, सगळं खापर प्रभागावर फोडता येणार नाही.

गंमत म्हणजे बहुसदस्यीय निवडणुकीची दुसरी रीत आपल्याच विधान परिषदेत आहे. आमदार पसंतीक्रम देतात आणि कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी ठरावीक मतं, पूर्ण करणारा निवडून येतो. जुलै 2024 मध्ये 11 जागा, 274 मतदार आणि कोटा 23 होता. तीच रीत चारच्या प्रभागाला लावली तर कोटा साधारण 20 टक्क्यांवर येतो. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या लहान पक्षाचा एक नगरसेवक जवळपास नक्की. माझ्या मते दोष चार सदस्यांचा नाही, मोजणीच्या रीतीचा आहे.

मतं एकाच भागात एकगठ्ठा असतील तर मात्र गणित उलटतं, एकसदस्यीय वॉर्डही लहान पक्षाला फायद्याचा ठरतो. औरंगाबादला 2015 मध्ये एकसदस्यीय वॉर्डांत एमआयएमने 113 पैकी 25 जागा घेतल्या होत्या. तेव्हा तुमच्या शहरातल्या पक्षाची मतं दोन-तीन वस्त्यांत आहेत की शहरभर पसरलेली, हे आधी बघा.