मंडळात महिला संचालक आहेत, म्हणून हिशेब चोख असतील का?

प्रश्न : माझ्याकडे पुण्यातल्या काही सूचिबद्ध इंजिनिअरिंग कंपन्यांचे शेअर आहेत. वार्षिक अहवालात संचालक मंडळातल्या विविधतेबद्दल पानभर मजकूर असतो. त्यावरून आर्थिक अहवालावर विश्वास ठेवावा का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : तेवढ्यावरून ठेवू नका. सूचिबद्ध कंपनीत किमान एक महिला संचालक हवी, हे कंपनी कायदा २०१३ सांगतोच. बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार कंपन्यांत ती स्वतंत्र संचालक, म्हणजे कंपनीशी किंवा तिच्या मालकांशी हितसंबंध नसलेली, असावी, ही शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीची अट १ एप्रिल २०२० पासून आहे. त्याखालच्या कंपनीत प्रवर्तकाच्या, म्हणजे कंपनी उभी करून ताब्यात ठेवणाऱ्याच्या, पत्नीने किंवा मुलीने ती जागा भरली तरी नियम पाळला जातो. त्या कर्तबगारही असतील, पण घरच्यांचे हिशेब घरच्यांनीच तपासण्याने भागधारकाचं भलं होत नाही.

२००८ साली सत्यम या आयटी कंपनीच्या मंडळात हार्वर्डचे प्राध्यापक होते, माजी कॅबिनेट सचिव होते, एक महिला स्वतंत्र संचालकही होत्या. तरी ताळेबंदातली सुमारे ५,०४० कोटींची रोकड अस्तित्वातच नव्हती.

मग विविधतेचा उपयोग कुठे होतो? ऑडिट कमिटीत, म्हणजे हिशेबांवर देखरेख करणाऱ्या संचालकांच्या समितीत. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी कंपन्यांच्या एका गाजलेल्या अभ्यासात महिला संचालकांची बैठकांना हजेरी पुरुषांपेक्षा चांगली आढळली आणि देखरेखीच्या समित्यांवर त्या जास्त दिसल्या. मात्र कंपनीच्या कामगिरीवरचा सरासरी परिणाम अनुकूल नव्हता. शिवाय चांगली शिस्त असलेल्या कंपन्याच वेगळ्या पार्श्वभूमीची माणसं घेतात, असंही असू शकतं. म्हणून कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे ठरवणं अवघड जातं.

अहवालातलं कॉर्पोरेट गव्हर्नन्सचं, म्हणजे कंपनीच्या कारभाराचं, प्रकरण उघडा. ऑडिट कमिटीत किमान तीन संचालक, त्यांत दोन-तृतीयांश स्वतंत्र, आणि एकाला तरी हिशेबाचं सखोल ज्ञान हवं. महिला स्वतंत्र संचालक त्या कमिटीत आहे, की फक्त सीएसआर (सामाजिक कामांच्या) समितीत? वर्षाला किमान चार बैठका होतात, त्यांतल्या कितींना ती हजर होती? आणखी किती कंपन्यांत ती आहे? सातव्या कंपनीचे कागद कोण नीट वाचणार? बैठकीचे कागद सात दिवस आधी मिळायला हवेत; पण तिमाही निकाल ही भावावर परिणाम करणारी गोपनीय माहिती असल्याने संमती घेऊन ते उशिरा देता येतात. आदल्या रात्री आकडे हातात पडले, तर कितीही हुशार संचालक काय विचारणार?

मग आकड्यांकडे वळा. पाच वर्षांचा निव्वळ नफा आणि कामकाजातून आलेली रोकड, दोन्हींची वेगवेगळी बेरीज करा. नफा सतत पुढे आणि रोकड मागे असेल, तर येणी (ग्राहकांकडून यायचे पैसे) आणि मालाचा साठा किती फुगला ते पाहा. वाढत्या कंपनीत असं रास्त कारणानेही होतं, त्यामुळे येणी किती दिवसांची आहेत हे विक्रीशी ताडून पाहा. शेवटी लेखापरीक्षकांच्या अहवालातले ‘प्रमुख लेखापरीक्षण मुद्दे’, म्हणजे तपासणीत ज्यांकडे सर्वाधिक लक्ष द्यावं लागलं त्या बाबी, वाचा. बहुतेक जण ते पान न वाचताच उलटतात.

प्रश्न : स्वतंत्र संचालकाने मुदतीआधी राजीनामा दिला तर?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : कंपनीला सात दिवसांत सविस्तर कारणं शेअर बाजाराला कळवावी लागतात, बीएसईच्या (मुंबई शेअर बाजाराच्या) संकेतस्थळावर कंपनीच्या घोषणांत ती सापडतात. ‘वैयक्तिक कारण’ एवढंच लिहिलं असेल, तर त्याच सुमाराला लेखापरीक्षक किंवा वित्तप्रमुखही गेले आहेत का, ते बघा. दोघेही गेले असतील, तर पुढचा निकाल येईपर्यंत नवी खरेदी करू नका.