दुसऱ्या रविवारी समुद्र कुठे गेला?

लघुपट करणाऱ्या विद्यार्थ्यांचे यावेळचे बहुतेक प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत: सुटे शॉट चांगले, पण एकापुढे एक लावले की प्रसंग तुटतो.

जेटीवर दोन मित्र समोरासमोर बोलतात. पण एडिटमध्ये दोघंही एकाच दिशेला बघतायत, जणू तिसऱ्याशीच बोलतायत. असं का? (रत्नागिरी)

कॅमेरा रेषा ओलांडून गेला. दोघांना जोडणारी एक रेषा मनात आखायची आणि सगळे शॉट तिच्या एकाच बाजूने घ्यायचे. मग एक जण कायम उजवीकडे बघतो, दुसरा डावीकडे. जेटीवर हे हमखास बिघडतं. एकाच्या मागे रंगीत होड्या मिळालेल्या असतात, दुसऱ्याच्या मागेही त्याच हव्यात म्हणून कॅमेरा पलीकडे जातो.

आता दुरुस्ती. दोन क्लोजअपच्या मध्ये जाळ्याचा, दोरखंडाचा एखादा शॉट टाका, झटका कमी होईल. शॉट आडवा उलटवायचा मोह होईल. पण होडीवरचा नंबर उलटा दिसला की चोरी पकडली जाते.

किनाऱ्यावरचा अर्धा प्रसंग एका रविवारी दुपारी तीनला केला, उरलेला पुढच्या रविवारी त्याच वेळी. दुसऱ्या भागात समुद्रच मागे गेलाय! (मालवण)

घड्याळ पाहिलंत, पंचांग पाहिलं नाहीत. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब घरात कुणालाही विचारा: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला तीन, एकादशीला सव्वाआठ. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे तुमचा पहिला रविवार चतुर्थीचा धरला, तर पुढच्या रविवारी तीनच्या सुमारास जवळजवळ पूर्ण ओहोटी असणार. सलग शूटिंगसाठी याहून वाईट दिवस शोधूनही सापडणार नाही.

एक रविवार सोडून त्यापुढच्या रविवारी जा. पक्ष बदललेला असेल, पण तिथी जवळपास तीच, म्हणून पाणीही जवळपास त्याच जागी. उन्हाचा कोनही फारसा हललेला नसतो. तेवढा वेळ नसेल तर लाँग शॉट सगळे पहिल्याच दिवशी उरका आणि क्लोजअपना मागे सुरूची झाडं किंवा ओढून ठेवलेल्या होडीची फळी ठेवा. फळीला भरती-ओहोटी नसते. आणि मोबाइलवर शूट करत असाल तर एक्स्पोजर (चित्रातला उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) लॉक करा, नाहीतर दर कटला वाळूचा रंग बदलेल.

रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढतानाचा प्रसंग एकाच कॅमेऱ्याने करायचाय. रापणकर आमच्यासाठी परत ओढणार नाहीत. लाँग शॉटवरून हातांच्या क्लोजअपवर कसं जायचं? (वेंगुर्ले)

रापणीत तीच हालचाल तासन्‌तास चालते, ही तुमची चांदी आहे. आधी लाँग शॉट घ्या, मग जवळ जाऊन हात. कट मात्र हालचालीच्या मध्यावर हवा: लाँग शॉटमध्ये माणूस मागे रेलायला लागला की कापा, क्लोजअपमध्ये दोर ताणला जात असतानाच आत या. हालचाल थांबल्यावर कापलं की कट उघडा पडतो. म्हणून दोन्ही शॉटमध्ये ओढण्याची क्रिया सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिपा.

इथेही रेषा आहेच. जाळ्याची दोन टोकं दोन टोळ्या ओढतात. डावीकडची टोळी तुम्ही पाण्यात उभं राहून टिपलीत की ती उजवीकडची होते. सगळं जमिनीकडूनच घ्या.

प्रत्येक कटला लाटांचा आवाज उडतो. (गुहागर)

बोलणं संपल्यावर सगळ्यांना गप्प करून त्याच जागेवर दोन मिनिटं नुसती गाज रेकॉर्ड करा. ती अख्ख्या प्रसंगाखाली अखंड अंथरा, वर संवाद ठेवा. पुढच्या माणसाचा आवाज त्याच्या चेहऱ्याच्या किंचित आधी आणलात तर कट आणखी मऊ होतो.

एका शॉटमध्ये चहाचा ग्लास भरलेला, पुढच्यात अर्धा. आमचे सर म्हणतात, परत शूट करा. (दापोली)

सरांना आधी आवाज बंद करून प्रसंग दाखवा. नजरा जुळत असतील तर ग्लासाकडे कुणाचं लक्ष जाणार नाही. जुळत नसतील, तर परत शूट कराच, पण ग्लासासाठी नव्हे.